‘पांगा’ म्हणणारे आणि बुडणारे

दुसऱ्या महायुद्धाच्या युरोपातील अखेरीला मे २०२५ मध्ये ऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने दोन राजधान्यांतून दोन दावे ऐकू आले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी विजयाचा सिंहाचा वाटा आपल्या देशाच्या नावावर करून घेतला. मॉस्कोच्या तांबड्या चौकात रणगाडे मिरवले आणि सोव्हिएत जनतेच्या बलिदानाची पुंजी, तेव्हा युक्रेनमध्ये चालू असलेल्या युद्धाच्या खात्यावर, तेथील सत्ताधाऱ्यांनी बिनदिक्कत जमा केली. एकाने म्हणावे, आम्ही पुरविले म्हणून तुम्ही तगलात. दुसऱ्याने म्हणावे, आम्ही मेलो म्हणून तुम्ही जगलात. या दोन दाव्यांच्या मधोमध एक समुद्र आहे. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून मुरमान्स्कपर्यंतच्या त्या समुद्राच्या तळाशी जी माणसे आणि जी जहाजे पडून आहेत, त्यांना या वादात कोणी साक्षीला बोलावत नाही. त्यांची साक्ष दोन्ही पक्षांना अडचणीची ठरेल, हेच त्याचे कारण असावे.

अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने आरमारी लढायांवर लेखणी चालवावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर ध्रुव समुद्रातील काफिल्यांची कहाणी ही मुळात लढाईची कहाणी नव्हेच. ती मालवाहतुकीची, मजुरीची आणि जोखीम कोणाच्या माथी मारायची या प्रश्नाची कहाणी आहे. हे प्रश्न तर आमच्याच विषयाचे आहेत. आणि ॲडमिरलांच्या आत्मचरित्रांनी व युद्धपटांनी ते गेली ऐंशी वर्षे झाकून ठेवले आहेत.

रस्ता आणि त्याची किंमत

२२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. ब्रिटनने मदतीचा शब्द दिला आणि ‘डर्विश’ या सांकेतिक नावाचा पहिला काफिला २१ ऑगस्टला आइसलंडहून निघून ३१ ऑगस्टला आर्खांगेल्स्कला पोहोचला. तेथून मे १९४५ पर्यंत एकंदर ७८ काफिले या मार्गाने गेले वा परतले. सुमारे १४०० व्यापारी जहाजांनी हा प्रवास केला. त्यांपैकी ८५ बुडाली. त्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या ब्रिटिश आरमाराच्या १६ युद्धनौका बुडाल्या. तीन हजारांहून अधिक माणसे गेली.

सोव्हिएत संघाला माल पोहोचविण्याचे मुख्य मार्ग तीन होते. जवळजवळ निम्मा माल प्रशांत महासागरातून व्लादिव्होस्तोकला गेला. पण जपानशी १९४१ मध्ये झालेल्या तटस्थता करारामुळे त्या वाटेने शस्त्रास्त्रे नेता येत नसत. दुसरा मार्ग इराणचा. तो निर्धोक होता, परंतु लांबचा, आणि तेथील बंदरे व रेल्वे वाढविण्यात मोलाचा काळ गेला. तिसरा हा उत्तरेचा. एकूण मालाच्या जेमतेम एकचतुर्थांश, म्हणजे सुमारे चाळीस लाख टन माल या वाटेने गेला. पण तो सर्वांत आधी गेला, थेट आघाडीच्या पाठीशी गेला, आणि त्यात रणगाडे व विमाने होती.

या वाटेचे भूगोलानेच दोन कैदखाने केलेले होते. हिवाळ्यात बर्फ दक्षिणेकडे सरकते आणि जहाजांना नॉर्वेच्या किनाऱ्याजवळून, म्हणजे जर्मन विमानतळांच्या ओसरीवरून जावे लागते. आधाराला काय तो ध्रुवीय रात्रीचा अंधार. उन्हाळ्यात बर्फ मागे हटते, वाट रुंदावते, पण सूर्य मावळतच नाही, आणि लपायला अंधार उरत नाही. लाटांचे तुषार पडतात तेथेच गोठतात. डेकवर साचलेल्या बर्फाच्या भाराने जहाज उलथू नये म्हणून खलाशांनी पाळीपाळीने कुऱ्हाडी आणि हातोडे घेऊन तो फोडीत राहायचे. पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांचाच सोबती. मुरमान्स्कला पोहोचले म्हणून सुटले असेही नाही, कारण ते बंदर जर्मन बाँबफेकी विमानांच्या सहज टप्प्यात होते. माल उतरवतानाही माणसे मरत होती.

चौथी जुलै

या साऱ्या मोहिमेतील एकाच काफिल्याचे नाव आज लोकांना ठाऊक असते, ते म्हणजे ‘पीक्यू १७’. त्याची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण पुढचा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

२७ जून १९४२ रोजी पस्तीसएक व्यापारी जहाजे आइसलंडच्या ह्वालफ्योर्डमधून निघाली. बरीचशी अमेरिकन, काही ब्रिटिश, दोन सोव्हिएत तेलवाहू, काही पनामाचा झेंडा लावलेली. कमांडर जॅक ब्रूम यांच्या विनाशिका त्यांच्याभोवती, थोड्या अंतरावर ॲडमिरल हॅमिल्टन यांची क्रूझर जहाजे, आणि खूप मागे बड्या युद्धनौका. चौथ्या जुलैपर्यंत पाणबुड्यांचे व विमानांचे हल्ले झाले आणि तीन जहाजे गेली. ‘अझरबैजान’ या सोव्हिएत तेलवाहू जहाजाला पाणतीर लागला, पण त्याच्या खलाशांनी, ज्यांत स्त्रियाही होत्या, आग विझवून ते पुन्हा रांगेत आणले. अमेरिकन जहाजांनी त्या सकाळी आपल्या स्वातंत्र्यदिनानिमित्त नवे कोरे झेंडे चढविले होते. काफिला शाबूत होता, शिस्तीत होता आणि लढत होता.

त्या रात्री नऊ वाजून गेल्यावर लंडनहून, पंचवीस मिनिटांच्या आत, तीन आदेश आले. पहिला : क्रूझर जहाजांनी पूर्ण वेगाने पश्चिमेला माघार घ्यावी. दुसरा : पृष्ठभागावरील शत्रूनौकांच्या धोक्यामुळे काफिल्याने विखरून रशियन बंदरांकडे जावे. तिसरा : काफिल्याने पांगावे. काफिल्याचे कमोडोर डाउडिंग यांचा या आदेशावर विश्वासच बसेना. तो पुन्हा सांगा, असे त्यांनी कळविले. समोर ‘टिर्पिट्झ’ दिसायच्या बेतात असणार, असेच सर्वांना वाटले. ब्रूम यांनी आपल्या विनाशिका क्रूझरांच्या मागे नेल्या. जर्मन युद्धनौकेशी मरणांतिक झुंज होणार अशी त्यांची समजूत होती. क्षितिजावर कोणीच नव्हते. ‘टिर्पिट्झ’ नॉर्वेच्या आल्टाफ्योर्डमध्ये नांगर टाकून होती. ती दुसऱ्या दिवशी बाहेर पडली आणि काही तासांतच माघारी फिरली. तिने या काफिल्यावर तोफेचा एक गोळाही झाडला नाही. तशी गरजच नव्हती. पांगलेली, एकटी, निःशस्त्रप्राय जहाजे पाणबुड्यांनी आणि विमानांनी सावकाश, एकेक करून टिपली.

एकंदर २४ जहाजे बुडाली. त्यांतली तीन पांगण्यापूर्वी, बाकीची सारी पांगल्यावर. ४३० रणगाडे, २१० विमाने, तीन हजारांवर मोटारवाहने आणि सुमारे एक लाख टन माल तळाला गेला. व्यापारी जहाजांवरील १५३ माणसे मेली. जी वाचली त्यांतील कित्येकांनी उघड्या होड्यांत दिवसच्या दिवस काढले आणि पुढे हिमदंशाने हातापायांची बोटे, काहींनी पायही गमावले. जर्मनांनी गमावली ती अवघी पाच विमाने.

काही जहाजे वाचली ती का, तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘एअरशर’ या मासेमारी जहाजावरून बनविलेल्या लहानशा रक्षकनौकेचा कप्तान ग्रॅडवेल हा पेशाने वकील. आदेशाप्रमाणे एकटे निघून जाण्याऐवजी त्याने तीन व्यापारी जहाजे गोळा केली, त्यांना घेऊन तो बर्फात शिरला, जहाजांना पांढरा रंग फासायला लावला आणि डेकवर बांधलेल्या रणगाड्यांच्या तोफा भरून सज्ज ठेवायला सांगितल्या. ही चारही जहाजे वाचली. ‘डोनबास’ या सोव्हिएत तेलवाहू जहाजाने बुडालेल्या अमेरिकन जहाजाचे खलाशी पाण्यातून उचलले, आणि त्या अमेरिकनांनी त्या जहाजाच्या तोफा चालविल्या. तेही वाचले. पांगण्याचा आदेश असतानाही जी पुन्हा एकत्र आली, त्यांतील पुष्कळ तरली. यावर अधिक भाष्याची गरज आहे काय?

एका आजारी माणसावर खापर

या संहाराचे खापर बहुतेक इतिहासकार फर्स्ट सी लॉर्ड सर डडली पाउंड यांच्या माथी फोडतात. आदेश त्यांचा होता, यात शंका नाही. ‘टिर्पिट्झ’ अद्याप निघालेली नसावी, असे गुप्तवार्ता विभागातील नॉर्मन डेनिंग यांचे मत होते. पण तशी खात्री देता का, या प्रश्नाला ते होकार देऊ शकले नाहीत. सल्लागारांपैकी बहुतेकांचा कल पांगण्याच्या विरुद्ध होता. पाउंड यांची प्रकृती ढासळलेली होती आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये मेंदूतील गाठीने ते वारले. मग चुकीच्या निर्णयाचे कारण सापडले, आणि प्रकरण मिटले! मध्यंतरी एका लेखकाने ब्रूम यांच्यावर ठपका ठेवून पाहिला. न्यायालयाने १९७० मध्ये ब्रूम यांना ४०,००० पौंडांची भरपाई देवविली. ती योग्यच होती, कारण ब्रूम यांनी वरचा आदेश पाळला होता. परंतु एका कप्तानाच्या अब्रूचा निवाडा करायला न्यायालय होते. बुडालेल्यांच्या जिवांचा निवाडा कोणत्या न्यायालयात झाला?

प्रश्न एका माणसाच्या मेंदूतील गाठीचा नाही, व्यवस्थेच्या डोक्यातील उतरंडीचा आहे. या उतरंडीत युद्धनौका हे भांडवल होते. ते बांधायला वर्षे लागतात, ते जपलेच पाहिजे. व्यापारी जहाज आणि त्यावरील माणसे हा चालू खर्च होता. तो होतच असतो. आदेशांचा क्रमच पाहा : आधी क्रूझर सुरक्षित, मग काफिला वाऱ्यावर. लंडनमध्ये बसून ध्रुव समुद्रातील जहाजे चालविणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. पण उंटावर बसलेल्याला उंटाची काळजी अधिक होती, हे नजरेआड करून चालणार नाही.

यावर प्रतिपक्षाचा युक्तिवाद आहे, आणि तो वरकरणी बिनतोड वाटतो. पंधरा इंची तोफांची ‘टिर्पिट्झ’ दाटीने चाललेल्या काफिल्यात शिरली असती तर एकही जहाज उरले नसते. अशा वेळी पांगणे हाच आरमारी शास्त्राने सांगितलेला उपाय. ठीक. पण शास्त्राने सांगितलेला तो उपाय शत्रू समोर दिसत असतानाचा आहे, तो दिसेल की काय या धास्तीचा नाही. पाणबुड्या आणि विमाने यांचा धोका तर संभाव्य नव्हता, तो प्रत्यक्ष डोक्यावर आणि पायाखाली होता. जो धोका आहे त्याच्या तोंडी देऊन, जो नाही त्यापासून वाचवले!

शिवाय इतिहासाने या युक्तिवादाची परीक्षा तीन वेळा घेतली. दोनच महिन्यांनी, सप्टेंबर १९४२ मध्ये, ‘पीक्यू १८’ निघाला. हल्ले आणखी जबर होते. पण या वेळी सोबत विमानवाहू नौका होती, विनाशिकांची भक्कम फळी होती आणि काफिला पांगला नाही. चाळीस जहाजांपैकी १३ गेली, २७ पोहोचली, आणि जर्मन विमानदलाची चांगलीच नासाडी झाली. पुढे ३१ डिसेंबरला बॅरेंट्स समुद्रात ‘हिपर’ आणि ‘ल्युट्झो’ ही बडी जर्मन जहाजे खरोखरीच एका काफिल्यावर चालून आली. कॅप्टन शेरब्रुक यांच्या मूठभर विनाशिकांनी, त्यांच्याहून कितीतरी थोर तोफांच्या समोर, क्रूझरांची मदत येईतो तासन् तास त्यांना थोपवून धरले. शेरब्रुक यांचा एक डोळा गेला, दोन रक्षकनौका गेल्या, त्यांवरील माणसे गेली. काफिल्यातील सर्व १४ जहाजे पोहोचली. जे जुलैमध्ये अशक्य म्हणून सांगितले होते, ते डिसेंबरमध्ये घडले.

तिसरी परीक्षा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत उद्बोधक आहे. काफिले तात्पुरते बंद असताना, ऑक्टोबर–नोव्हेंबर १९४२ मध्ये, जहाजे एकेकटी, संरक्षणाविना, बारा-बारा तासांच्या अंतराने सोडून पाहिली. खलाशांना जादा रोख रकमेचे आमिष दाखविले. तेरा निघाली. तीन माघारी फिरली, पाच गेली, पाच पोहोचली. गेलेल्या पाचांपैकी ‘चुल्मली’ हे जहाज स्पिट्सबर्गनच्या खडकांवर आदळले; अठ्ठावन्नांपैकी नऊ जण जगले.

सार्वजनिक वस्तू म्हणजे काय हे शिकविताना आमच्या पाठ्यपुस्तकांत दीपगृहाचे उदाहरण असते. मी पुढे पुढे काफिल्याचे देऊ लागलो. एका वर्षी एका हुशार मुलाने विचारले, ‘सर, काफिला सर्वांत मंद जहाजाच्या वेगाने चालतो. मग वेगवान जहाजाने आपले नशीब आपण का आजमावू नये?’ मी त्याला या तेरा जहाजांचा हिशेब फळ्यावर मांडून दिला. ज्याचे त्याने पाहावे, हे तत्त्व बाजारात कार्यक्षम ठरते असे सांगणारे पुष्कळ आहेत. समुद्रात त्याची कार्यक्षमता तेरांत पाच इतकी भरली.

सरासरीची लबाडी

आता मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्या हिशेबाकडे वळू. सोव्हिएत नियोजन मंडळाचे प्रमुख निकोलाय वोझ्नेसेन्स्की यांनी युद्धानंतर लवकरच प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, मित्रराष्ट्रांकडून आलेला माल सोव्हिएत उत्पादनाच्या सुमारे चार टक्केच होता, असे लिहिले. तो आकडा पुढे चार दशके सोव्हिएत पुस्तकांतून गिरविला गेला. खुद्द वोझ्नेसेन्स्की यांना त्याच राजवटीने १९५० मध्ये गोळी घातली. त्यांचा आकडा मात्र जिवंत ठेवला.

सरासरी सांगून सीमांत लपविणे ही अर्थशास्त्राच्या नावाने होणारी जुनी लबाडी आहे. वर्षाच्या पावसाची सरासरी पाहून पेरणी होत नाही. पाऊस केव्हा पडला याला महत्त्व असते. १९४१ च्या हिवाळ्यात सोव्हिएत कारखाने उचलून उरलच्या पलीकडे नेले जात होते आणि मॉस्कोपुढे रणगाड्यांचा तुटवडा होता. त्या डिसेंबरात मॉस्कोच्या आघाडीवरील मध्यम व जड रणगाड्यांत ब्रिटिश बनावटीच्या रणगाड्यांचा वाटा तीस ते चाळीस टक्के असावा, असा एका अभ्यासकाचा अंदाज आहे. ते याच ध्रुव समुद्रातून आले होते. पुढे सर्व मार्गांनी मिळून चार लाखांवर ट्रक आणि जीप, सुमारे दोन हजार रेल्वे इंजिने, ॲल्युमिनियम, दूरध्वनीची तार, विमानांचे इंधन, डबाबंद मांस आले. वर्षाच्या उत्पादनाशी तुलना करता हे थोडे. पण ज्या वस्तूंवाचून बाकीचे उत्पादन अडून बसते अशा वस्तूंचे मोल टक्क्यांत मोजता येत नाही.

म्हणून काय वॉशिंग्टनचा दावा खरा? मुळीच नाही. सुमारे दोन कोटी सत्तर लाख सोव्हिएत नागरिक व सैनिक त्या युद्धात गेले. जर्मन भूसेनेचे कंबरडे पूर्व आघाडीवर मोडले. ट्रक डेट्रॉइटचे असले तरी ते हाकणारे आणि त्यांतून मरायला जाणारे दुसरे होते. आणि ही मदत म्हणजे दानधर्म नव्हता. स्वतःची माणसे न मरता शत्रूची माणसे मरावीत यासाठी केलेली ती गुंतवणूक होती; शहाणपणाची होती, पण गुंतवणूकच होती. युद्ध संपताच उरलेल्या नागरी उपयोगाच्या मालाच्या किमतीवरून जी घासाघीस सुरू झाली ती १९७२ मध्ये ७२ कोटी २० लाख डॉलरच्या तडजोडीपर्यंत चालली. दान देणारा पावती फाडून सत्तावीस वर्षे दारात उभा राहत नाही.

सोने वर आले

सुरुवातीच्या खरेदीपोटी सोव्हिएत संघ सोने देत असे. ‘एडिंबरा’ ही ब्रिटिश क्रूझर ४६५ लगडी, म्हणजे सुमारे साडेचार टन सोने घेऊन मुरमान्स्कहून परतत असता पाणतीर लागून २ मे १९४२ रोजी बुडाली. तिच्याबरोबर पन्नासहून अधिक नाविक गेले. ते जहाज म्हणजे युद्धातील थडगे होते. तरीही १९८१ मध्ये पाणबुड्ये त्या थडग्यात उतरले आणि ४३१ लगडी वर काढल्या. पंचेचाळीस टक्के काढणाऱ्यांना, उरलेल्यातील दोन हिस्से मॉस्कोला, एक लंडनला. शीतयुद्ध ऐन भरात असताना, अफगाणिस्तानवरून संबंध विकोपाला गेले असताना, या दोन सरकारांचे या एका बाबतीत किती झटकन् जमले!

आता खलाशांचा हिशेब पाहू. ब्रिटिश व्यापारी जहाज बुडाले की त्याच दिवसापासून खलाशाचा पगार बंद, हा नियम युद्ध सुरू झाल्यावरही पावणेदोन वर्षे, मे १९४१ पर्यंत चालू होता. जो माणूस होडीत वल्हे मारीत जीव वाचवीत असे, तो मालकाच्या लेखी बेकार झालेला असे. अमेरिकेच्या व्यापारी खलाशांना निवृत्त सैनिकाचा दर्जा मिळाला १९८८ मध्ये, तोही न्यायालयात झगडून. ध्रुव समुद्रातील मोहिमेसाठी ब्रिटनने वेगळे पदक काढले २०१३ मध्ये, मोहीम संपल्यावर ६८ वर्षांनी. रशियाने देऊ केलेले पदक स्वीकारण्यासही त्यांच्या सरकारने २०१२ मध्ये आधी मनाई केली आणि ओरड झाल्यावर ती उठविली. पदक घ्यायला तेव्हा किती जण उरले असतील? सोने वर यायला ३९ वर्षे लागली, सन्मान वर यायला ६८. कोणत्या वस्तूची किंमत कोणाच्या लेखी किती, हे याहून स्वच्छ कोणता बाजार सांगेल?

आपली खातेवही

आपल्याकडच्या खलाशांचे मुख्य क्षेत्र ध्रुव समुद्र नव्हे. ते अटलांटिकमध्ये आणि हिंदी महासागरात मरत होते. रत्नागिरीच्या खाड्यांतून, गोव्यातून, सिल्हेटच्या नदीकाठांवरून आलेले हे लोक ब्रिटिश जहाजांच्या डेकवर, भटारखान्यात आणि भट्टीपुढे काम करीत. त्यांचा पगार त्याच जहाजावरील गोऱ्या खलाशाच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी असे. पाणतीर मात्र वर्णभेद पाळीत नसे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच या खलाशांनी ब्रिटिश बंदरांत काम नाकारून पगारवाढ मागितली. अनेकांनी तुरुंगवास भोगला. मग काही वाढ पदरात पडली. समुद्राखेरीज ज्यांना दुसरे थडगे नाही अशा हिंदी नौसैनिकांची आणि व्यापारी खलाशांची, सुमारे सहा हजारांची, नोंद मुंबई आणि चितगाव येथील स्मृतिग्रंथांत आहे. मुंबईतील स्मारक मशीद बंदरच्या खलाशीगृहात आहे. तेथून रोज जाणाऱ्या लाखो मुंबईकरांपैकी किती जणांना ते माहीत आहे, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावे.

आणि या हिशेबाची सर्वांत काळी नोंद जहाजांवर मेलेल्यांची नाही, जहाज न आल्याने मेलेल्यांची आहे. जानेवारी १९४३ मध्ये चर्चिल यांनी हिंदी महासागराकडे जाणाऱ्या जहाजांची संख्या महिन्याला सुमारे शंभरावरून चाळीसवर आणली. ती जहाजे उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेसाठी आणि ब्रिटनच्या आयातीसाठी हवी होती. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि अंदाजे तीस लाख माणसे मेली. सरकारी आयोगानेही पंधरा लाखांचा आकडा मान्य केला. दुष्काळाचे कारण केवळ जहाजांचा तुटवडा नव्हता. भाववाढ, साठेबाजी, होड्यांची जप्ती आणि मजुराच्या हाती क्रयशक्ती नसणे, ही कारणे मोठी होती. पण धान्य मागितले तेव्हा जे उत्तर मिळाले ते ‘जहाजे नाहीत’ हे होते. जहाजे नव्हती असे नाही. ती कोणासाठी आहेत, हे ठरलेले होते. ‘टिर्पिट्झ’च्या भीतीने काफिल्याला पांगा म्हणणारे हात आणि बंगालला जहाज नाही म्हणणारे हात एकाच कार्यालयीन संस्कृतीचे होते. या उतरंडीत क्रूझरच्या खाली व्यापारी जहाज होते, गोऱ्या खलाशाच्या खाली काळा, आणि सर्वांच्या खाली, कोणत्याही यादीत नसलेला, बंगालचा भूमिहीन.

फॅसिझमविरुद्धचे ते युद्ध लढणे आवश्यक होते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. हिटलर जिंकला असता तर आजचा हा लेख लिहायला आणि छापायला कोणी उरले नसते. पण युद्ध न्याय्य असले म्हणजे त्याचा खर्च न्याय्य रीतीने वाटला गेला, असे होत नाही. न्याय्य हेतूच्या सावलीत अन्याय्य वाटप सुखाने नांदते, कारण प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरविणे सोपे असते.

पांगवणे अजून चालू आहे

‘पीक्यू १७’ मधील काही जहाजांवर पनामाचा झेंडा होता, हे वर आलेच. अमेरिकन मालकांनी वेतनाचे आणि तटस्थतेचे कायदे चुकविण्यासाठी ती युक्ती युद्धापूर्वीच शोधून काढली होती. आज ती अपवाद राहिलेली नाही. जगाच्या जहाजवाहतुकीचा तो पाया झाला आहे. मालक एका देशात, झेंडा दुसऱ्याचा, विमा तिसऱ्या शहरात आणि खलाशी आपल्या कोकणातले. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर क्षेपणास्त्रे पडू लागली. काही जहाजे बुडाली, खलाशी मेले, काही ओलीस धरले गेले. त्या समुद्रातील वादाशी त्या माणसांचा कसलाही संबंध नव्हता. विम्याचे दर वाढले, मालवाहतुकीचे भाडे वाढले, कोणाला तरी नफाही झाला. मालकांनी परदेशी बंदरांत वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांवर महिनोन् महिने पगाराविना अडकणाऱ्या खलाशांत भारतीयांची संख्या मोठी आहे. हाही पांगण्याचाच आदेश; फक्त तो बिनतारी संदेशाने न येता कराराच्या बारीक अक्षरांत येतो.

खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय श्रम करार २००६ मध्ये झाला आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. तो कागदावरून डेकवर उतरला पाहिजे. भरतीच्या नावाने तरुणांकडून पैसे उकळणाऱ्या दलालांना शिक्षा झाल्या पाहिजेत. युद्धक्षेत्रात जाण्यास नकार देण्याचा खलाशाचा हक्क नोकरीच्या भीतीने निकामी होता कामा नये. आणि जहाज बुडाले वा सोडून दिले, तरी पगार घरी पोहोचलाच पाहिजे. मे १९४१ मध्ये जे तत्त्व ब्रिटिश सरकारला मान्य करावे लागले, त्याच्याही मागे आपण आज असावे काय? या मागण्या खलाशांच्या संघटना करीत आहेतच. किनाऱ्यावरच्या कामगार चळवळीने त्या आपल्या मानल्या नाहीत, ही आपली चूक आहे.

विजयाचे वाटेकरी यापुढेही दर वर्षी भांडतील. त्यांना भांडू द्यावे. आपण मात्र दर वेळी एवढेच विचारावे, की जहाजे कोणी हाकली, त्यांना मजुरी किती मिळाली, आणि धोका समोर आला तेव्हा आधी कोणाला माघारी बोलावले. ज्या दिवशी काफिल्यातले शेवटचे, सर्वांत मंद जहाज पोहोचल्याखेरीज रक्षकांनी परत फिरायचे नाही असा दंडक शांततेच्या काळातही पाळला जाईल, त्या दिवशी १५३ जणांचे आणि त्या सहा हजारांचे काही ऋण फिटले असे म्हणता येईल. तोवर त्यांचे खाते येणेबाकीच राहील.